ब्रॉकनची वाट: वाळलेल्या स्प्रूसमधून

हार्त्सला, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या डोंगररांगेत जायचंय म्हटल्यावर जर्मनीतल्या ओळखीच्यांनी नाक मुरडलं. "तिथे आता बघायला काय उरलंय? सगळे वाळके खांब!" खांब म्हणजे मेलेले स्प्रूस, सुईसारख्या पानांची उंच झाडं. ते आहेत हे खरंच. पण म्हणूनच जावं, असं माझं मत झालंय.

हॅनोवरहून रेल्वेने बाड हार्त्सबुर्ग आणि तिथून ८२० नंबरच्या बसने तोर्फहाउस. तोर्फहाउस साधारण ८०० मीटरवर, हार्त्समधलं सर्वांत उंच शिखर ब्रॉकन, त्याचा माथा ११४१ मीटरवर आणि मधलं अंतर आठेक किलोमीटर. राजगड-तोरणा केलेल्यांनी ही नुसती चाल समजावी. कवी गटे १७७७च्या डिसेंबरात इथूनच बर्फातून वर गेला होता, म्हणून वाटेला त्याचं नाव.

सुरुवातीला दलदलीवरची लाकडी फळ्यांची वाट लागते, ती सुरेख आहे. मग दोन्ही बाजूंना राखाडी खोडं सुरू होतात. फांद्या गळालेल्या, साल उतरलेली, काही कमरेतून मोडलेली. वाट मोकळी करायला कापलेल्या एका ओंडक्याची साल खाली पडली होती, ती उलटून पाहिली. आतल्या बाजूला मधोमध बोटभर लांब उभं भुयार, त्याला दोन्हीकडून फुटलेल्या बारीक आडव्या रेघा. प्रत्येक रेघ टोकाकडे रुंद होत गेलेली, कारण अळी खात खात वाढत जाते. हे काम करणारा भुंगेरा जेमतेम पाच मिलिमीटरचा.

एरवी तो धडधाकट स्प्रूसच्या वाटेला फारसा जात नाही. साल पोखरायला लागला की झाड डीक सोडून त्याला बुडवतं. पण डीक करायला पाणी लागतं आणि स्प्रूसची मुळं उथळ. २०१८च्या जानेवारीत वादळाने असंख्य झाडं आडवी केली, म्हणजे भुंगेऱ्याला आयतं खाद्य मिळालं. त्याच वर्षीचा उन्हाळा कोरडा गेला, पुढच्या दोन वर्षांतही पावसाने ओढ दिली. उष्ण वर्षात या किड्याच्या दोनऐवजी तीन पिढ्या होतात. २०१८ ते एप्रिल २०२१ या काळात जर्मनीभर सुमारे ५ लाख हेक्टर जंगल गेलं.

मात्र सगळं खापर हवेवर फोडून चालणार नाही. हार्त्समध्ये स्प्रूसचं खरं घर फक्त उंचावर. खाली बीच या रुंद पानांच्या झाडांची जंगलं होती. खाणींसाठी ती तोडली गेली आणि भराभर वाढतो म्हणून सगळीकडे स्प्रूस लावला, तोही एकाच वयाचा. कपाशीवरची बोंडअळी पाहिलेल्यांना पुढचं सांगायला नको.

हार्त्सच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बऱ्याच भागात मेलेली झाडं मुद्दाम तशीच ठेवलीत. पर्यटनावर पोट असलेल्यांना हे पसंत नाही, आणि २०२२ व २०२४च्या सप्टेंबरात ब्रॉकनजवळ आगी लागल्यावर ओरड वाढली. गावांजवळचं वाळकं लाकूड हलवावं हे मलाही पटतं. पण याच वाटेवरच्या क्विचेनबेर्ग डोंगराच्या उतारावर जरूर थांबा. तिथलं जंगल या दुष्काळाच्या कितीतरी आधी मेलं होतं. आता पडक्या खोडांच्या आडोशाने कोवळे स्प्रूस उठलेत, मधेमधे लाल फळांचे रोवन. कुणी लावलेले नाहीत.

आता कामाचं. सावली हा प्रकार जवळपास संपलाय, तेव्हा टोपी घ्या आणि दीड-दोन लिटर पाणी घरूनच भरून घ्या. माथ्यावर मात्र भर उन्हाळ्यातही वारा झोंबतो. जाड विंडचीटर हवाच. वर्षातले बहुतेक दिवस तिथे धुकं असतं, दृश्याची हमी धरू नका. वाऱ्याच्या दिवशी जाऊच नका, वाळलेली खोडं न सांगता पडतात. वाट सोडून आत शिरायला तर बंदीच आहे. सिगारेट, स्टोव्ह, काही नाही. निघण्याआधी वणव्याचा इशारा आणि बंद वाटा तपासा.

उतरताना वाफेच्या इंजिनाची गाडी घ्या. तिकीट महाग आहे, डॉइचलांडतिकीट (जर्मनीभर साध्या गाड्यांना चालणारा मासिक पास) चालत नाही. पायथ्याच्या वेर्निगरोडे गावापर्यंत पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. पुढे साध्या रेल्वेने गोस्लारमार्गे हॅनोवर. आग किंवा वादळ असलं की ही गाडी बंद ठेवतात, म्हणून चालत उतरण्याइतका उजेड हाताशी ठेवा. माथ्यावर वाटाण्याचं घट्ट सूप मिळतं. शाकाहारी असाल तर सॉसेजशिवाय मिळेल का ते आधी विचारा, आणि नुसतं सॉसेज काढून दिलेलं चालणार नसेल तर डबा न्या.