शाळेचा शिक्का कुठून आणू?

"अमेरिकेत होमस्कूलिंगवाल्यांना काही त्रास नसतो हो, तिकडे घरोघरी मुलं अशीच शिकतात," असं मला ज्याने त्याने ऐकवलं. शिकतात ना. पण तिथे प्रत्येक राज्याचा होमस्कूलिंगचा आपापला कायदा आहे. आपल्याकडे घरी शिकवण्यासाठी असा वेगळा कायदाच नाही, त्यामुळे साताऱ्यातल्या आमच्या घराला 'शाळा' म्हणून कुणाचा कागद मिळणार? लेकीने अमेरिकेतल्या कॉलेजांत अर्ज केले, तेव्हाचा माझा सगळा वैताग या एका प्रश्नातून आला. बाकीचं झालं रीतसर.

लेक चौथीनंतर घरीच शिकली. दहावी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळातून दिली. 'राज्य मंडळाचा १७ नंबरचा (बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा) फॉर्म का नाही भरला?' असं अजूनही लोक विचारतात. तोही रस्ता आहेच, पण एनआयओएसमध्ये विषय निवडायला मोकळीक जास्त, शिवाय परीक्षा वर्षातून दोनदा. एसएटी, म्हणजे अमेरिकन कॉलेजप्रवेशाची परीक्षा, पुण्यात जाऊन दिली, आता ती लॅपटॉपवरच होते. अर्जाचा निबंध तिने स्वतः लिहिला. मला वाचायलाही दिला नाही, आणि तेच बरं झालं.

कॉमन अ‍ॅप, म्हणजे अनेक अमेरिकन कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज, दरवर्षी १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतं. त्यात मुलीने 'होमस्कूल' निवडलं की काउन्सेलर (शाळेच्या वतीने कागद पाठवणारी व्यक्ती) म्हणून पालकाला निमंत्रण पाठवता येतं. म्हणजे मीच आई आणि मीच काउन्सेलर. स्कूल रिपोर्ट, ट्रान्सक्रिप्ट (नववी ते बारावीचे विषय आणि मार्क), स्कूल प्रोफाइल (शाळेची माहिती), सगळं माझ्याकडून. घरी का शिकवलं, कसं शिकवलं, मार्क कशावर दिले, हे विचारणारे वेगळे प्रश्न असतात. ते उरकून टाकू नका, तिथे खरंच लिहायला जागा आहे. वर्गात विद्यार्थी किती? एक. वर्गातला क्रमांक? लागू नाही. इथवर मला मजा वाटत होती.

मग एका कॉलेजचं पोर्टल आलं. नाव लिहीत नाही. छोटं आहे, अमेरिकेच्या ईशान्येकडचं आहे, आणि लेकीच्या यादीत वरच्या नंबरला होतं. अर्ज गेल्यावर प्रत्येक कॉलेज आपल्या पोर्टलचं लॉगिन देतं, त्यात काय पोचलं आणि काय नाही याची यादी असते. आमच्या यादीत एक ओळ लाल: अधिकृत ट्रान्सक्रिप्ट, प्रतीक्षेत. कॉमन अ‍ॅपवर तर 'सबमिटेड' दिसत होतं. मेल केली. उत्तर आलं की कागद जुळवायला वेळ लागतो, थांबा. थांबलो. ओळ लालच.

पुन्हा मेल. या वेळी उत्तर: ट्रान्सक्रिप्ट विद्यार्थ्याने किंवा पालकाने नव्हे, शाळेच्या अधिकाऱ्याने पाठवावा. मी लिहिलं की शाळेची अधिकारी मीच आहे. त्यावर: मग तो शाळेच्या अधिकृत ईमेलवरून यावा, जीमेल चालणार नाही. मी लिहिलं की शाळा म्हणजे आमचं घर, घराला डोमेन, म्हणजे ईमेलसाठी स्वतःचं नाव, नसतं. त्यावर कुणीतरी वेगळ्याच नावाने उत्तर दिलं: तुमच्या बोर्डाला थेट पाठवायला सांगा. बोर्डाकडे दहावीची मार्कशीट आहे, बारावीची परीक्षा पुढच्या एप्रिलमध्ये. नववी आणि अकरावी कुठल्याच बोर्डाकडे नसते. त्यांना हवी होती चारही वर्षं. हे सगळं मी सविस्तर, नम्रपणे, परिच्छेद पाडून लिहिलं. उत्तर आलं, पण पहिल्या मेलचंच: थांबा.

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की काही कॉलेजं पालकाने दिलेला ट्रान्सक्रिप्ट नोटरी करून मागतात. म्हटलं, हेही करून टाकू. कोर्टाजवळ बसणाऱ्या वकीलसाहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"मॅडम, शाळा कुठली?"

"घरीच शिकते."

"ते झालं हो. पण सही कुणाची?"

"माझी."

"मग मुख्याध्यापकांचा शिक्का?"

त्यांनी प्रामाणिकपणे सल्ला दिला की पोवई नाक्यावर एक गोल शिक्का करून घ्या, म्हणजे पुढे कुणी विचारणार नाही. संध्याकाळी हे ऐकून सासूबाईंनी शाळेला नावसुद्धा सुचवलं. शिक्का मी केला नाही. अस्तित्वात नसलेल्या शाळेचा शिक्का ट्रान्सक्रिप्टवर उमटवणं म्हणजे खोटा कागद, आणि इतकी वर्षं जे खरं केलं ते एका रबरी गोलासाठी खोटं कशाला ठरवायचं? शेवटी 'ही पालकाची सही आहे' एवढंच नोटरीने साक्षांकित केलं, आणि तेच योग्य होतं. इथे कागद शिक्क्याशिवाय खरा होत नाही, तिथे डोमेनशिवाय. मधल्या मध्ये मी, तारखा जवळ येत चाललेल्या, आणि लेक रोज रात्री ते पोर्टल उघडून बघायची. मला त्या लाल ओळीचा इतका राग यायचा की मी तिला सांगून टाकलं, आता तू बघू नकोस, मी बघते.

सुटलं कसं, ते सांगते, कारण याच्यासाठीच लिहायला बसले. बहुतेक कॉलेजांच्या अ‍ॅडमिशनच्या पानावर कुठला अधिकारी कुठल्या देशाचे अर्ज वाचतो ते दिलेलं असतं. भारतासाठी कोण आहे ते शोधा आणि सामान्य पत्त्यावर न लिहिता थेट त्या व्यक्तीला लिहा. काउन्सेलर म्हणून नोंदवलेल्या ईमेलवरूनच, मुलांच्या ईमेलवरून नाही. मी एकच पीडीएफ जोडली: नोटरी केलेला ट्रान्सक्रिप्ट, एनआयओएसची दहावीची मार्कशीट, आणि प्रत्येक विषयाचं वर्णन, म्हणजे कुठलं पुस्तक, कुणी शिकवलं, परीक्षा कशी घेतली, किती तास. मेल अगदी चार ओळींची. दुसऱ्याच दिवशी उत्तर, आणि ओळ हिरवी! आभार मानताना मी जरा कोरडेपणानेच मानले.

ते विषयांचं वर्णन नववीपासून दर सत्राला लिहीत चला. माझ्याकडे वह्या होत्या म्हणून निभावलं. शिफारसपत्रं मात्र घरच्यांची चालत नाहीत. गणितासाठी तिला शिकवणारे निवृत्त प्राध्यापक आणि इंग्रजीसाठी ऑनलाइन कोर्सच्या शिक्षिका, दोघांनी दिली. त्यांना ऑगस्टमध्येच विचारा, डिसेंबरात नाही.

आणखी एक, अर्जाच्या मुदतीबद्दल: कॉमन अ‍ॅपवर रात्री ११:५९ ही अर्जदाराच्या स्वतःच्या ठिकाणची वेळ धरतात. अमेरिकेची वेळ धरून 'अजून साडेदहा तास आहेत' म्हणत बसू नका. १ जानेवारीची मुदत म्हणजे आपल्याकडची १ जानेवारी.

पैशांचं आधी सांगायला हवं होतं. आर्थिक मदत मागणार असाल तर यादी तिथूनच सुरू करा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी मोजकीच ठिकाणं परदेशी मुलांचा अर्ज वाचताना मदतीची गरज विचारात घेत नाहीत. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की प्रवेश अवघड होतो, हे धरून चाला. एमआयटीचा अर्ज कॉमन अ‍ॅपवर नसतो, त्यांचा वेगळा. सीएसएस प्रोफाइल, म्हणजे मदतीसाठी घरच्या उत्पन्नाचा फॉर्म, रुपयांत भरता येतं, तिथे डॉलर करत बसू नका. पण घर, जमीन, सगळं विचारतात. आमच्या सातबाऱ्यावर ह्यांच्याबरोबर चुलत्यांचीही नावं. इंग्रजी भाषांतर करून, कुणाचा वाटा किती हे वेगळ्या पत्रात लिहून दिलं.

त्या लाल ओळीच्या कॉलेजने मार्चअखेर नाही म्हटलं. लेकीला वाईट वाटलं, मला थोडं कमी. पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजने घेतलं, आम्हाला झेपेल इतकी मदत देऊन. काउन्सेलरच्या कागदांबद्दल त्यांची आम्हाला एकही मेल आली नव्हती. त्यांनी माझी विषयांची वर्णनं वाचली होती, कारण स्वागताच्या पत्रात लेकीच्या कृष्णेच्या पाण्यावरच्या प्रकल्पाचा उल्लेख होता. ते पत्र मी सोसायटीत बऱ्याच जणांना दाखवलं, नाकारत नाही.

प्रवेश मिळाला म्हणून काउन्सेलरचं काम संपत नाही. फेब्रुवारीच्या सुमारास मिड-इयर रिपोर्ट (बारावीच्या अर्ध्या वर्षाचे मार्क), आणि बारावीचा निकाल लागल्यावर फायनल रिपोर्ट, तोही शेवटच्या ट्रान्सक्रिप्टसह, तुम्हालाच पाठवायचा असतो. एनआयओएसची मार्कशीट डिजिलॉकरवर मिळते, ती जोडा. तो पाठवल्यावर पोर्टलवर टिक दिसेपर्यंत काउन्सेलरचा ईमेल उघडत राहा. कॉलेजला शंका आली तर त्यांचे प्रश्न तिथेच येतात.