दुकानात काय वाजतंय, ते विचारलंत म्हणून

बाजाची पेटी दुरुस्तीला घेऊन आलेलं गिऱ्हाईक बाकावर टेकतं, चहा येतो आणि पाचव्या मिनिटाला प्रश्न येतो. "दादा, हे काय लावलंय? रेडिओ लागत नाहीये का नीट?" एका भजनी मंडळाच्या बुवांनी तर उठून स्पीकरची वायर हलवून बघितली होती. मग मी सांगतो की रेडिओ नाही, रियुइची साकामोतो नावाचा जपानी संगीतकार आहे, कॅन्सरने गेला आणि हे त्याने आजारपणात वाजवलेलं आहे. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "मग असलं दिवसभर कशाला ऐकता हो?"

दिवसभर नाही ऐकत. सूर लावताना दुकानात पंखासुद्धा बंद असतो. भात्याला कापड चिकटवताना, पट्ट्या पुसताना, पेटीतून झुरळं काढताना (बायकांनो, देवघरात पेटी ठेवून तिच्यावर प्रसाद ठेवू नका) तेवढं लावतो. पण प्रश्न खरा आहे, आणि उभ्या उभ्या त्याचं उत्तर मला कधी धड देता आलेलं नाही.

साकामोतोचा जन्म १९५२चा. १९७८ साली होसोनो आणि ताकाहाशी या दोघांबरोबर त्याने यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा नावाचा बँड काढला आणि सिंथेसायझर वाजवून जपान हलवून सोडला. पुढे सिनेमांना संगीत दिलं, 'द लास्ट एम्परर'साठी १९८८ साली ऑस्करमध्ये वाटा मिळाला. हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मी त्याच्याकडे वळलो ते फार उशिरा, त्याच्या '१२' नावाच्या अल्बममुळे. २०१४ मध्ये त्याला घशाचा कॅन्सर झाला, त्यातून तो उठला. मग गुदाशयाचा निघाला. २०२१च्या जानेवारीत मोठी शस्त्रक्रिया झाली. पुढे आजार फुप्फुसांतही पोचला आणि २०२२ मध्ये त्याने स्वतःच सांगून टाकलं की चौथी स्टेज आहे.

शस्त्रक्रियेनंतर तात्पुरत्या घरात राहायला आल्यावर मार्चमध्ये त्याचा हात सिंथेसायझरकडे गेला. काही रचायचं म्हणून नाही, तर अंगावर नुसता आवाज पडू द्यावा म्हणून. तिथून पुढे वर्षभर, जमेल त्या दिवशी तो असं काहीबाही वाजवून ठेवत गेला, रोजनिशी लिहावी तसं. त्यातल्या बारा तुकड्यांचा तो अल्बम. तुकड्यांना नावं नाहीत, तारखा आहेत. पहिल्याचं नाव २०२१०३१०, म्हणजे १० मार्च २०२१. अल्बम आला १७ जानेवारी २०२३ला, त्याच्या एकाहत्तराव्या वाढदिवशी. २८ मार्चला तो गेला.

या तुकड्यांमध्ये त्याचा श्वास ऐकू येतो. पियानोचा एक स्वर लागतो, विरत जातो आणि मधल्या रिकाम्या जागेत माणूस नाकाने श्वास घेतोय, सोडतोय. जड श्वास. आज यंत्रावर हे पुसून टाकणं अवघड नाही. त्याने ठेवलं.

आता माझा धंदा काय आहे बघा. पेटी हातात आली की मी पहिलं काय करतो? भाता भरतो, एकही पट्टी दाबत नाही आणि कान लावतो. कुठे 'फुस्स' ऐकू आलं की चामडं फाटलंय, नाहीतर पट्टीखालची गादी झिजलीय. आमच्याकडे हवेचा आवाज म्हणजे दोष. वडिलांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट हीच, की हवा कामाला यावी पण दिसू नये. तीस वर्षं मी लोकांच्या पेट्यांमधला श्वास बुजवत आलो आणि या माणसाच्या रेकॉर्डवर तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा सवयीने मनात आलं, गळतंय कुठेतरी. मग कळलं काय गळतंय ते.

दुसरी गोष्ट सुरांची. आमच्या भाषेत सूर म्हणजे पेटीतली पितळी जीभ. तिला टोकाकडे घासलं की स्वर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. कानसेचा एक हात जास्त पडला तर पुन्हा उलटीकडून घासत यायचं. असं करत करत स्वर जागेवर आणला, की मी पैसे घेतो. २०११च्या त्सुनामीत मियागी भागातल्या नातोरी गावच्या शेतकी शाळेतला एक पियानो पाण्यात बुडाला होता. साकामोतो तो बघायला गेला, वाजवून पाहिला. आधी त्याला ते प्रेत वाटलं. नंतर त्याचं मत बदललं. तो म्हणायचा ते साधारण असं: पियानोचं लाकूड माणसाने यंत्राच्या जोराने वाकवलेलं असतं, तारा ताणलेल्या असतात, ते सगळं आपल्या मूळ जागी परत जायला बघतं आणि आपण म्हणतो पियानो बेसूर झाला. बेसूर आपल्या हिशेबाने. म्हणजे त्या पियानोला निसर्गाने आपल्या पद्धतीने सूर लावून दिला होता. त्या पियानोचे आवाज त्याने २०१७च्या 'एसिंक' अल्बममध्ये वापरले.

मला हे पटायला जड गेलं, कारण पटलं तर दुकान बंद करावं लागेल. पण पेटीवाल्याने यावर फार ताठ राहू नये. आमची पेटी मुळातच तडजोड आहे. प्रत्येक पट्टीतून गाता यावं म्हणून सगळे स्वर थोडेथोडे सरकवलेले असतात. तिचा गांधार तंबोऱ्याच्या गांधारापेक्षा, अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर, चौदा भाग चढा असतो. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, तिच्या ठरलेल्या, न हलणाऱ्या स्वरांवरून. तेव्हा जागेवरचा स्वर कुणाच्या जागेवरचा, हा प्रश्न आमच्या घरात जुनाच आहे.

आता तुमच्या प्रश्नातला तो न बोललेला भाग. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं, मी हे वडिलांसाठी ऐकतो. ते कॅन्सरनेच गेले, हे खरं. पण शेवटचे सात महिने त्यांनी कानस हातात धरली नाही. पेटीचा आवाज नको म्हणाले. मऊ भात, क्रिकेटची कॉमेंट्री आणि खिडकी. दिवसकार्याला आलेली माणसं म्हणत होती, "फार झुंज दिली हो अण्णांनी." मी मान हलवत होतो. झुंज कसली? दमलेला माणूस पडून होता. त्यांच्या बाकावर एक पेटी उघडी पडली होती, खर्जाचे सूर लावून झालेले, नर, म्हणजे त्यांच्या वरचे सूर, अर्धे. ती मीच पुरी केली.

म्हणून 'मरणाला हरवणारा कलावंत' असं कुणी साकामोतोबद्दल म्हणालं की मला कानकोंडं होतं. त्याने कुणालाही हरवलं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये टोकियोत एनएचकेच्या, म्हणजे त्यांच्या आकाशवाणी-दूरदर्शनच्या, ५०९ नंबरच्या स्टुडिओत त्याने शेवटचा पियानो वाजवला. पूर्ण मैफल एका बैठकीत वाजवायची ताकद नव्हती, म्हणून रोज थोडे थोडे असे तुकडे वाजवून घेतले. त्याच्या मुलाने, नेओ सोराने, त्याची काळीपांढरी फिल्म केली, 'ओपस'. त्यात यलो मॅजिकच्या काळातली 'तोंग पू' ही धून आहे, मूळची धावती, इथे इतकी संथ की ओळखायला वेळ लागतो. बोटांना जमेल त्या लयीत. आणि हे झाल्यावर महिनाभर तब्येत आणखी ढासळली, आत पार पोकळ वाटत होतं, असं तो स्वतःच म्हणाला. वाजवल्याने तो बरा झाला नाही, उलट. वाजवावंसं वाटलं, वाजवलं. अण्णांना वाटलं नाही, त्यांनी नाही वाजवलं. मी दोघांना एकाच बाकावर बसवतो.

दुकानात त्यालाच लावण्यामागे एक गमतीचंही कारण आहे. न्यूयॉर्कमध्ये त्याचं एक लाडकं जपानी हॉटेल होतं. जेवण उत्तम, पण तिथे वाजणारं संगीत त्याला सोसेना. शेवटी त्याने शेफला लिहिलं की बाबा, गाणी मी निवडून देतो, पैसे नकोत. आणि दिली. दुकानात काय वाजतं यावरून इतका जीव खाणारा माणूस माझ्या दुकानात वाजतो, हे मला बरं वाटतं.

वायर हलवणारे बुवा परवा पुन्हा आले होते. पाऊस सुरू झाला की त्यांच्या पेटीची काळी दोनची पट्टी फुगून अडकते, दरवर्षी. मी पट्टी काढून कडेने तासत होतो आणि '१२'मधला अगदी शेवटचा तुकडा लागला. त्यात पियानो नाही, नुसती बारीक किणकिण, मिनिटभराची. बुवांनी चहाचा कप खाली ठेवला.

"हां," म्हणाले, "टाळ बरे आहेत याचे. जरा लवकर थांबतो."