हिकॉक ६००ए ट्यूब टेस्टर : पॅनेलवरील नॉब उलगडताना

या आठवड्यात माझ्या टेस्टरवरील, म्हणजे जुन्या रेडिओतील व्हॅक्यूम ट्यूब तपासणाऱ्या यंत्रावरील, सात सिलेक्टर स्विचांचा अर्थ एकदाचा लागला. आतापर्यंत मी रोल चार्टवरील (प्रत्येक ट्यूबची जुळणी छापलेल्या गुंडाळीवरील) अक्षरे आणि आकडे यंत्रवत लावत होतो व तो काहीतरी कारखान्याचा खासगी संकेत असावा, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिले दोन स्विच फिलामेंटचे (ट्यूब तापवणाऱ्या तारेचे) असून त्यांवर अक्षरे आहेत; पुढील पाच स्विच अनुक्रमे ग्रिड, प्लेट, स्क्रीन, कॅथोड आणि सप्रेसर या ट्यूबमधील इलेक्ट्रोडांचे असून त्यांवरील आकडे म्हणजे ट्यूबच्या पिनांचे क्रमांक होत. ६एसएन७ या ट्यूबमध्ये दोन ट्रायोड (ग्रिड, प्लेट व कॅथोड असलेले भाग) असतात; त्यांतील एकासाठी ४, ५, ०, ६, ० आणि दुसऱ्यासाठी १, २, ०, ३, ० हे आकडे बेसची आकृती समोर ठेवली की आपोआप मांडता येतात.

लाइन अ‍ॅडजस्टचा नॉब (टेस्टरचा विद्युतदाब जुळवणारा) मात्र मी चुकीच्या वेळी फिरवत होतो. रिकाम्या सॉकेटवर काटा खुणेवर आणून मी निश्चिंत होत असे. परंतु ट्यूबचे फिलामेंट तापताना ट्रान्सफॉर्मरवर भार येतो, दाब उतरतो आणि पुढची सगळी मोजणी कमी दिसते. म्हणून ट्यूब पूर्ण तापल्यावर, प्रत्येक ट्यूबसाठी नव्याने, ही जुळणी करावी लागते.

शॉर्टची चाचणी त्याआधी उरकायची, कारण आतले इलेक्ट्रोड एकमेकांना चिकटलेली ट्यूब मीटरला महागात पडू शकते. निऑन दिवा स्विच फिरवताना क्षणभर चमकला तर काळजी नाही. तो तेवत राहिला, किंवा ट्यूबवर बोटाने टिचकी मारताच लुकलुकला, तर ट्यूब बाजूला ठेवावी.

बायसच्या, म्हणजे ग्रिडचा उणे दाब ठरवणाऱ्या, नॉबवरील ० ते १०० हे आकडे व्होल्ट नाहीत, आणि डायल निम्मे फिरवले म्हणजे ग्रिडचा दाब निम्मा होतो असेही नाही. मी मल्टीमीटर लावून दहा-दहा आकड्यांवर प्रत्यक्ष दाब मोजला आणि तक्ता झाकणाच्या आत चिकटवला. गॅसच्या चाचणीतही हाच नॉब लागतो : पहिले बटण दाबून बायसने काटा १०० मायक्रोम्होवर (ग्रिडचा दाब बदलल्यास प्लेटचा प्रवाह किती बदलतो, याचे एकक) आणायचा, मग दुसरे दाबायचे, काटा एका घरापेक्षा अधिक चढला, तर ट्यूबमध्ये वायू शिरलेला आहे.

आतील ८३ ही पाऱ्याच्या वाफेची रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारी) ट्यूब निळसर उजळते. ती काढून साधे डायोड बसवण्याचा मोह मी टाळला. प्रवाह कमी-जास्त झाला तरी तिच्यावरील दाबाची घट जवळपास १५ व्होल्टच राहते. डायोडवर ही घट फारच कमी असल्याने सगळी मापे वर सरकली असती.

शेवटी ६एसएन७ लावली. डेटाशीटमध्ये २५० व्होल्ट प्लेट आणि उणे ८ व्होल्ट ग्रिडवर २६०० मायक्रोम्हो दिलेले आहेत, पण टेस्टरमध्ये प्लेटचा दाब बराच कमी असल्याने त्या आकड्याशी थेट तुलना करण्यात अर्थ नव्हता. मी दोन्ही ट्रायोडांची आपसांत तुलना केली. दुसरा स्पष्टपणे दुबळा दिसला. टाकून देण्याआधी ग्रिडचा स्विच वीस-पंचवीस वेळा मागेपुढे फिरवला, आणि काटा पहिल्याच्या शेजारी येऊन थांबला. दोष १ क्रमांकाच्या मळलेल्या संपर्कात होता. आता उरलेले सहाही स्विच साफ करायचे आहेत.