मे महिन्यातला स्वेटर

निफाडची थंडी आम्हा नाशिककरांना नवी नाही. जानेवारीत तिकडचं कुणी स्वेटर घालून आलं तर माझं लक्षही जात नाही. पण ही बाई भर मे महिन्यात, दुपारी, पंचवटीतल्या माझ्या दवाखान्यात पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसली होती.

तक्रार सासूबाईंची. "डॉक्टर, हिला कामच नको झालंय. भाकरी थापता थापता भिंतीला टेकून बसती." वजन वाढलेलं, पोट साफ नाही, केस गळतात, पाळीत जास्त जातं. प्रत्येक गोष्टीला घरात कारण तयार होतं. थंडीचं खापर तर द्राक्षांच्या पॅकहाऊसमधल्या कामावर फोडलेलं.

तिचा आवाज घोगरा, बोलणं संथ. नाडी 54. तिला खुर्चीवर गुडघे टेकून पावलं मोकळी सोडायला सांगितली आणि टाचेच्या वर हातोडी मारली. पाऊल झटका घेऊन हललं, पण परत जागेवर यायला रेंगाळलं. रिपोर्ट यायच्या आधीच मला अंदाज आला.

टीएसएच 90. साधारण 0.4 ते 4 असायला हवं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी ढिम्म झाली की मेंदूच्या तळाची पिट्युटरी तिच्यामागे तगादा लावते. तो तगादा म्हणजे हा आकडा. अँटिबॉडीजही वाढलेल्या. हाकारू हाशिमोतो या जपानी सर्जननी 1912 मध्ये वर्णन केलेला हाच आजार: शरीराची प्रतिकारशक्तीच या ग्रंथीवर उलटते. मग हृदय, आतडी, त्वचा, पाळी, सगळ्यांचीच लय बिघडते.

बाईचा थकवा म्हणजे तिचा स्वभावदोष असं घरात ठरवून टाकतात, याचा मला मनापासून राग येतो. तो मी सासूबाईंना बोलूनही दाखवला.

थायरॉईडच्या हार्मोनची गोळी साधी, पण तिचे नियम कडक. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी. रक्त कमी म्हणून चालू असलेली लोहाची गोळी चार तासांनंतर, नाहीतर हार्मोन पोटात नीट शोषलंच जात नाही. औषधाचा असर रक्तात स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून पुढची तपासणी सहा आठवड्यांनी.

तेव्हा टीएसएच 11 वर आलं होतं. डोस थोडा वाढवला. पहिल्या खेपेला हूं-हूं करणारी ती, या वेळी सासूबाईंच्या आधी बोलली, "डॉक्टर, अजून एक लेकरू हवंय. चालेल ना?"

चालेल, पण आधी टीएसएच आटोक्यात येऊ दे, म्हटलं. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्याच हार्मोनवर वाढतो. दिवस राहिल्याचं कळताच यायचं. बहुतेक डोस वाढवावा लागेल. गोळी बंद मात्र अजिबात करायची नाही, कुणीही काहीही सांगितलं तरी.