मोर्चाची वेळ

भुसावळचा कामगार दिनाचा मोर्चा बंद पडला, तो कोणी बंद केला म्हणून नव्हे. आधी घोषणा देणारे खणखणीत गळे निवृत्त झाले, मग वर्गणीची पावतीपुस्तके अर्धी कोरी परत येऊ लागली, पुढे दोन वर्षे करोनाने नेली, आणि त्यानंतर 1 मे हा सकाळचे झेंडावंदन उरकून कुलरसमोर बसण्याचा दिवस झाला. यंदा आम्ही तो मोर्चा पुन्हा काढला. त्याविषयी लिहून ठेवावे असे वाटले, कारण अडचण आम्हाला वाटली होती तिथे नव्हतीच.

आमच्या पिढीसाठी मोर्चा म्हटले की 1974 आठवते. 8 मेपासून 27 मेपर्यंत चाललेल्या त्या देशव्यापी रेल्वे संपात जॉर्ज फर्नांडिस यांचे नाव घरोघरी पोहोचले होते आणि इंजिनावर काम करणारे माझे वडील अटक टाळण्यासाठी रावेरकडच्या एका नातेवाइकाच्या केळीच्या बागेत राहत होते. संप कोणतीही मागणी पदरात न पडता मागे घ्यावा लागला. मात्र त्यातली बोनसची मागणी 1979 साली मान्य झाली. दिवाळीपूर्वी बोनस हातात घेणाऱ्या किती तरुणांना हे ठाऊक आहे, असा प्रश्न मी पहिल्या बैठकीत विचारला. बैठकीला अकरा जण होतो, त्यात तरुण एकही नव्हता, त्यामुळे प्रश्न हवेतच राहिला.

दुसऱ्या बैठकीला आम्ही मुद्दाम ठेकेदाराकडे रेल्वेचे डबे धुणाऱ्या चार मुलांना बोलावले. मोर्चा पूर्वीप्रमाणे सकाळी नऊला निघावा, असे आमचे ठरलेच होते. त्यांपैकी एकाने शांतपणे सांगितले, ‘‘काका, नऊला आलो तर त्या दिवसाची हजेरी गेली.’’ कामगारांचा दिवस साजरा करायला कामगाराने एका दिवसाची मजुरी गमवावी, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते. आम्ही पेन्शनवाले, आम्हाला सकाळ काय आणि संध्याकाळ काय! तरीही वेळ बदलण्यावर तासभर वाद झाला, कारण काहींना वेळ बदलणे म्हणजे परंपरा मोडणे वाटत होते. अखेर संध्याकाळी साडेसहा ठरले. मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हानेही त्या निर्णयाला हातभार लावला, हे कबूल करायला हवे.

पोलिसांची परवानगी आणि ध्वनिक्षेपकाचा परवाना यांसाठी चार खेपा घालाव्या लागल्या, एवढेच नोंदवतो. मोर्चापूर्वी आठवडाभर रेल्वेच्या शेडच्या फाटकावर पाळी सुटताना द्वारसभा घेतल्या. पत्रकांपेक्षा त्यांचाच अधिक उपयोग झाला. मोर्चात दीडशेच्या आसपास माणसे आली. पूर्वीच्या मानाने हा आकडा किरकोळ आहे, परंतु निम्म्याहून अधिक चेहरे आमच्या ओळखीचे नव्हते, ही गोष्ट मला आकड्यापेक्षा मोठी वाटली. त्यांत अंगणवाडी सेविका होत्या, हमाल होते, डाळमिलमध्ये काम करणाऱ्या बायका होत्या.

सभेत प्रत्येक वक्त्याला पाच मिनिटे दिली होती आणि ती कोणीच पाळली नाहीत. केंद्राचे 29 कामगार कायदे जाऊन चार संहिता आल्या, त्या नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाल्या, आणि पूर्वी रेल्वेसारख्या सार्वजनिक सेवांना असलेली संपाच्या 14 दिवसांच्या पूर्वसूचनेची अट आता सर्वच उद्योगांना लागली, असे एका वकील मित्राने समजावून सांगितले. बोलता बोलता त्याने असेही सांगितले की याच संहितांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. तोवर चुळबुळणारी मागची रांग एकदम शांत झाली. डाळमिलमधल्या एका बाईंनी उभे राहून विचारले, ‘‘ते पत्र मागायचे कोणाकडे, मुकादमाकडे की शेठकडे?’’

मंचावरच्या आम्हा कोणालाच नेमके उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नासाठी येत्या रविवारी बैठक ठेवली आहे, तीही संध्याकाळी सातला, पाळी सुटल्यावर. ध्वनिक्षेपकाचे निम्मे भाडे अजून द्यायचे आहे.