सूर्याचा खेळ नाही हा

आज हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव आटपल्यावर काकांशी जोरात वाद झाला. ते म्हणाले, "अरे हवामान पूर्वीपासून बदलतंच, सूर्याचा खेळ तो, माणूस काय करणार?"

मी म्हटलं काका, सूर्यामुळे असतं तर वातावरणाचा वरचा थर पण तापला असता ना, तो तर थंड होतोय आणि खालचा तापतोय, म्हणजे उष्णता खालीच अडकतेय. ती अडकवणारा कार्बन डायऑक्साइड वायू हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून मोजतायत, कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत २८० होता तो आता ४२० च्या वर गेलाय, आणि हा जादाचा कोळसा-तेल जाळूनच आलाय हे त्यातल्या कार्बनच्या प्रकारावरून कळतं.

मग काका म्हणाले, "म्हणजे आमच्या होडीचं डिझेल बंद?" हा प्रश्न मात्र रास्त आहे हां. सुरुवात होडीवाल्यापासून नकोच, कोळशाच्या विजेपासून करा. पण करायलाच हवी, कारण समुद्र जितका तापेल तितकं वादळाला बळ मिळणार. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्याकडच्या पोफळी मुळासकट आडव्या झाल्या, नवीन लावली की सुपारी धरायलाच पाच-सात वर्षं जातात. काकांना अजून पटलेलं नाही, उद्या परत बोलणार आहे मी.