तुम्ही विचारलंत म्हणून: पेसाह आणि भात
दरवर्षी पेसाह (ज्यूंचा सण; त्यात मात्सा, म्हणजे बेखमीर पोळी, सोडून गव्हासारख्या धान्याचं काही चालत नाही) आला की ठाण्याहून फोन येतात. तब्येतीपाण्याचं झालं की प्रश्न ठरलेला: "काय गं, भात खातेस की सोडलास?" माझं सासर अश्केनाझी, म्हणजे युरोपाकडचे ज्यू, ते सणात तांदूळ-डाळींना शिवत नाहीत, आपण बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, खातो, हे विचारणाऱ्यांना पाठ आहे. तरी विचारतात. तर एकदाच लिहिते.

लग्नानंतरच्या पहिल्या पेसाहला आई इथे इस्रायलमध्ये अश्दोदला आली होती. आदल्या दिवशी तिने खिडकीशी पांढरी चादर अंथरली, ताट मांडीवर घेतलं आणि तांदूळ निवडायला बसली. एकदा नाही, तीनदा. (ठाण्यात असती तर भांड्यांना कल्हईही झाली असती.) तिसऱ्या खेपेला तिने एक दाणा चिमटीत धरून उजेडात नेला. गहू. "बघ," म्हणाली, "म्हणून तीनदा."

त्याच तांदळाचा नारळाच्या दुधातला भात तिने डब्यात भरून सेदरला, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाला, नेला. सासूबाईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला, हसल्या, बाल्कनीत वॉशिंग मशीनवर ठेवला आणि काच सरकवून घेतली. आई हगादा, सेदरला वाचायची पोथी, मराठीतून पुटपुटत होती. चार प्रश्न झाले, चार प्याले झाले, तिची नजर काचेकडे. अफिकोमाननंतर, म्हणजे मात्साच्या शेवटच्या तुकड्यानंतर, काही खायचं नसतं, म्हणून घरी आल्यावरही तिने डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी थंडच खाल्ला. मला विचारलंही नाही.

मी नवऱ्याशी भांडले. तालमूदात, आपल्या जुन्या धर्मग्रंथात, रव हुना हा पंडित सेदरला बीटचा पाला आणि भात चालवतो, ते काढलं. आपल्या ज्यूपणाची तपासणी मांडणाऱ्या रब्बींविरुद्ध १९६४ साली आपली माणसं जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसली, तेही काढलं. एका डब्यासाठी १९६४! पण तेव्हा मला तो डबा नव्हताच दिसत. गव्हाच्या दाण्याचं मात्र बोलले नाही. सासरच्यांना तांदळात भीती असते ती नेमकी त्याचीच.

मधे दोन वर्षं भात पूर्ण सोडला होता. लाज वाटते सांगायला, पण फोनवर "आम्ही नाही खात" म्हणताना बरं वाटायचं.

आता? सासूबाईंच्या टेबलावर खात नाही. बायकोने नवऱ्याची रीत धरायची, हे मलाही शिकवलंय. माझ्या घरी खाते. नवरा भात घेत नाही, शेजारच्या टोपातलं कालवण मात्सावर ओतून घेतो. यात तत्त्व कुठलं, मला विचारू नका. ठाण्याचे म्हणतात दबलीस, इथले म्हणतात हट्टी आहेस.

गेल्या वर्षी भांडी विसळताना सासूबाई एकदम म्हणाल्या, "तुझ्या आईच्या त्या भातात नारळ होता ना? काचेतूनही वास येत होता."

होता, म्हटलं. गव्हाचं तेव्हाही नाही सांगितलं.